एका हाताचं दूध

काकू सणाला येणार आहेत हे कळलं, तेव्हा दूध नुकतंच कढईत ओतलं होतं. सासूबाईंनी दुधाचा रिकामा डबा ओट्यावर असा आदळला, की बाहेरच्या खोलीत शिडीवर चढून पंखा पुसणारा थोरला मुलगा वरूनच ओरडला, "काय पडलं?"

"काही पडलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या भावाच्या बायकोनं पाहुणे बोलावलेत. कुणाला विचारायची गरजच काय? घर तिचंच आहे."

धाकटी सून खाली बसून वेलदोडे सोलत होती. ती नर्स. दवाखान्यातली ड्युटी संपवून थेट घरी आली होती, केसांना अजून तिथलीच काळी क्लिप होती.

"पाहुणे कुठले आई, काकू आहेत. माझा ड्रेस सैल करायला टाकला होता त्यांच्या दुकानात. बोलता बोलता म्हटलं, सणाला या. त्यात काय एवढं?"

"त्यात काय एवढं!" सासूबाईंनी कढईकडे बघत म्हटलं, जणू कढईलाच साक्षीला बोलावलं होतं. "दुधाच्या दिवशी तिला बोलावलंस आणि वर त्यात काय?"

धाकटीला हे माहीत नव्हतं असं नाही. काकूंची कहाणी या घरात नव्या सुनेला पहिल्याच सणाला तिखटमीठ लावून ऐकवली जाते. काकू म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ. थोरला लहान असताना अशाच एका सणाच्या सकाळी खुर्चीवरून पडला आणि त्याने भोकाड पसरलं. सासूबाई दूध आटवत होत्या. जावेच्या हातात उलथणं कोंबून त्या धावत बाहेर गेल्या. परत येतात तो कढईत पिवळट पाणी आणि वर तरंगणारा चोथा. दारात त्यांच्या सासूबाई उभ्या. "कुणाच्या हातून झालं?" एवढंच त्यांनी विचारलं. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांनी धाकट्या सुनेच्या हाताकडे पाहिलं, आणि नासका हात हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. पहिल्यांदा कुणी उच्चारला यावर पुढे बरेच वाद झाले, पण तो सासूबाईंनीच उच्चारला होता.

एकदा शब्द चिकटला की माणसाला स्वतःला सिद्ध करायला जागा तरी कुठे उरते? त्यानंतर काकूंना लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नाही. दही विरजायला दिलं नाही. लग्नकार्यात त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या की कुणीतरी हसून म्हणायचं, "तुम्ही बसा हो बाहेर, निवांत." आणि त्यांना मूल झालं नाही तेव्हा त्याचाही संबंध त्याच हाताशी जोडला गेला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पेपर वाचणाऱ्या माणसांनी जोडला! शेवटी काका गाद्या डोक्यावर घेऊन चार गल्ल्या पलीकडे राहायला गेले, आणि काकूंनी त्याच नासक्या हाताने शिवणाचं दुकान काढलं. या घरात त्या आल्या त्या फक्त कुणी गेलं तेव्हा. काका गेल्यावर तेवढंही येणं थांबलं.

आणि त्या सकाळपासून घराला एक नियम लागला. दूध एका हाताचं असतं. ज्या बाईने उलथणं धरलं तिनेच खवा होईपर्यंत उभं राहायचं. मध्ये हात बदलायचा नाही. पाय दुखो, डोकं दुखो, बदलायचा नाही. पुरुषांचा तर प्रश्नच नव्हता, त्यांचे हात पेढे उचलण्यासाठी राखून ठेवलेले होते.

गेली कित्येक वर्षं तो एक हात मोठ्या सुनेचा होता.

---

मोठी ओट्याशी उभी होती आणि सासू-सुनेचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. तिला खरं तर मनातल्या मनात बरं वाटत होतं. धाकटीने मागच्या सणाला दुकानातून मिठाईचं खोकं आणून सरळ ओट्यावर ठेवलं होतं. "कशाला एवढं उभं राहायचं वहिनी, छान मिळतं हल्ली," असंही म्हणाली होती, आणि मोठीला ते फार लागलं होतं. या घरात तिचं म्हणून काय होतं? वाचनालयातली नोकरी होती, पण तिचं कौतुक कुणाला नव्हतं. मात्र तिचे पेढे गल्लीभर जायचे. "एक हात आहे हो तिचा," असं सासूबाई दहा जणांत सांगायच्या. हे एक वाक्य ऐकायला ती वर्षभर बाकीची वाक्यं ऐकून घ्यायची.

पण त्या हाताचं काय झालं होतं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. उजवा खांदा महिनोन्‌महिने धरला होता. वाचनालयात वरच्या फळीवरचं पुस्तक ती डाव्या हाताने काढायची. वेणी घालायला हात डोक्यामागे जाईना म्हणून तिने केस कापून टाकले, तर नवरा म्हणाला, "अरे वा, या वयात फॅशन!" सगळे हसले. तीही हसली. त्या हसण्याचा तिला आजही राग येतो, आणि जास्त राग स्वतःच्या हसण्याचा येतो.

"वहिनी," धाकटी उठून जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "खांदा किती वर जातो तुमचा? दाखवा."

"काही झालेलं नाही खांद्याला."

"मी रोज असे खांदे बघते. तुम्ही मघाशी पदर डाव्या हाताने घेतलात. द्या उलथणं माझ्याकडे, मी ढवळते."

"तू?" मोठीचा आवाज तिच्याही नकळत सासूबाईंसारखा झाला. "तुला ठाऊक आहे ना कसं असतं ते? आणि दुकानात छान मिळतं ना तुझ्या?"

धाकटीने वेलदोड्यांची ताटली उचलून ओट्यावर ठेवली. बोलायचं ते बोलून झाल्यावर मोठीला वाईट वाटलं, पण शब्द परत घेण्याची या घरात पद्धत नाही.

तेवढ्यात सासूबाई पुन्हा आत आल्या. "फोन कर तिला," त्या धाकटीला म्हणाल्या. "सांग, आज जमणार नाही."

"मी नाही करणार."

"नाही करणार?"

"आई, एका बाईला सणाला या म्हणून सांगायचं आणि ती तयार होऊन निघाली की येऊ नका म्हणायचं? मला नाही जमणार. तुम्हाला जमत असेल तर नंबर देते."

"अगं, तोंड बघ तोंड कसं चालतंय! अरे ए, ऐकतोयस का, तुझी बायको काय म्हणतेय?"

धाकटा मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून झटतो आणि घरी आला की स्वतः काही बघत नाही. तो दारापर्यंत आला. "सॉरी म्हणून टाक ना," तो बायकोला म्हणाला.

"कशाबद्दल?"

"असंच," तो म्हणाला.

आणि हे सगळं ऐकण्याच्या नादात मोठीचं दुधाकडे दुर्लक्ष झालं. दुधाने एकदम उचल खाल्ली. एरवी ती दुधाला अर्ध्या कढईच्या वर चढू देत नसे, पण आज गॅस बारीक करायला हात पुढे केला आणि खांद्यातून अशी कळ निघाली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. उलथणं सुटलं. फेस कढईच्या काठाला लागला, काठावरून फिरला. धाकटीने एका हाताने गॅस बंद केला, दुसऱ्या हाताने उलथणं उचललं आणि दूध खाली बसेपर्यंत ढवळत राहिली.

"बसा आधी," ती मोठीला म्हणाली. "खाली बसा. हात पोटाशी धरा."

मोठी बसली नाही. ती कढईत बघत होती. फेस बसला तसं दूध कडेने वेगळं दिसू लागलं. आधी बारीक कण, मग गुठळ्या, मग गुठळ्यांच्या मधून हिरवट पाणी. कुणी काही बोलायच्या आत कढईतलं सगळं दूध फुटलं.

---

"हात बदलला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्या डोळ्यांदेखत हात बदलला."

"आई, वहिनींचा हात धरला होता, दूध उतू चाललं होतं, म्हणून मी..."

"म्हणून तू. तेव्हाही असंच म्हणाली होती ती. मी फक्त धरलं, मी फक्त ढवळलं. काही काही हात असेच असतात. मला वाटलं होतं ती गेली, घराची पीडा गेली. दुसरी आली."

थोरला शिडीवरून उतरून दारात आला होता, हातात ओला फडका. तो छापखान्यात मुकादम आहे. तिथे एक अक्षर उलटं बसलं तरी सगळं काम थांबवून चूक कुणाची ते शोधतो. घरात मात्र त्याच्याकडे एकच वाक्य आहे. "जाऊ दे ना आई," तो म्हणाला. "सणाचा दिवस आहे."

"जाऊ देऊ? पेढ्यांचं काय सांगू गल्लीत?"

"दुकानातून आणू."

"ते हिला हवंच होतं!" सासूबाईंनी धाकटीकडे बोट केलं. "बघ, मिळालं तुला हवं ते. यापुढे सणाच्या दिवशी या ओट्याशी यायचं नाही. तुझा चहा तू वर तुझ्या खोलीत करून घ्यायचा. आणि ते ओता मोरीत. वाससुद्धा नको मला."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. दवाखान्यात तिच्यावर डॉक्टर ओरडतात, रुग्ण ओरडतात, रुग्णांचे भाऊ ओरडतात, त्याची तिला सवय होती. त्या ओरडण्याला काहीतरी कारण असतं, निदान निमित्त तरी असतं. इथे ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. क्षणभर तिलाही वाटलं, की खरंच आपल्या हाताला काही असेल का? शिकलेली बाई, नर्स बाई, आणि तिलाही क्षणभर तसं वाटलं. तो विचार मनात आल्याची तिला इतकी चीड आली की डोळे भरून आले, आणि ते भरलेले बघून सासूबाईंना वाटलं की चूक कबूल झाली.

मोठीने ओट्यावरचं उलथणं डाव्या हाताने उचललं. त्याला चोथा चिकटला होता, आणि चोथ्यात काहीतरी कठीण लागलं. तिने ते बोटाने सोडवलं. लिंबाची बी होती.

घरात सकाळपासून कुणी लिंबू कापलं नव्हतं. ओट्यावर लिंबू नव्हतं. लिंबं कालच संपली होती, कारण काल संध्याकाळी सासूबाईंनी पितळी कढई लिंबाच्या साली घासून घासून लख्ख केली होती. लग्न होऊन आल्यापासून दर सणाच्या आदल्या दिवशी त्या हीच कढई घासायच्या. ते काम त्या कुणाला देत नसत. कढईला आतून कल्हई होती, घासायचा तो बाहेरचा भाग आणि काठ. काठाचा पत्रा बाहेरून आत दुमडलेला होता, आणि एका बाजूला ती दुमड जराशी उघडली होती.

मोठीने उघड्या दुमडीत नख घातलं. नखाला लिंबाचा मऊ पांढरा गर लागला, आंबट वास आला. फेस नेमका इथूनच फिरला होता.

तिने मूठ मिटली.

आता इथे मोठीची बाजू घ्यायची की तिच्यावर चिडायचं, हे वाचणाऱ्याने ठरवावं. तिला सगळं कळलं होतं. धाकटी समोर उभी होती, डोळे पुसत. तोंड उघडायचा अवकाश. पण तोंड उघडलं, की एका हाताचा नियमच खोटा ठरत होता, आणि त्या नियमाबरोबर दहा जणांत बोललं जाणारं ते एक वाक्यही. एका हाताला काही अर्थच नव्हता म्हटल्यावर तो हात कुणाचा याला तरी काय अर्थ? खांदा उगीचच गेला होता. ती मूठ मिटून उभी राहिली, आणि तिच्या गप्प बसण्याने धाकटीचा गुन्हा प्रत्येक क्षणाला पक्का होत गेला.

"ओता म्हटलं ना," सासूबाई म्हणाल्या.

थोरल्याने फडक्याने कढईचे कान धरले.

"थांब," दारातून आवाज आला. "तेव्हाही असंच मोरीत ओतलं होतं."

---

काकू केव्हा आल्या ते कुणाला कळलं नव्हतं. दार उघडंच होतं. खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात अजून शिंप्याची टेप, ती काढायला विसरल्या असाव्यात. थोरल्याने त्यांना पाहिलं आणि त्याच्या हातातली कढई आपोआप खाली टेकली. लहानपणी पडून गुडघा फुटला की आईच्या आधी याच काकू धावायच्या, हे त्याला इतक्या वर्षांनी आठवलं. फक्त त्या एका सकाळी धावल्या नाहीत, कारण त्यांच्या हातात उलथणं दिलेलं होतं.

"ये," सासूबाई म्हणाल्या. "वेळेवर आलीस. बघून घे."

"बघतेय." काकूंनी कढईत डोकावलं. "कुणाच्या हातून?"

हा प्रश्न त्यांनी मुद्दाम त्याच शब्दांत विचारला, आणि सासूबाईंना तो कळला. त्यांनी धाकटीकडे हात केला. "हिच्या. तुझ्याकडे येते-जाते ना, तुझाच गुण लागला."

"माझा गुण?" काकूंनी पिशवी खुर्चीवर ठेवली. "जाऊबाई, मी या घरातून गेले त्यानंतरचा पहिला सण आठवतो मला. मी घाबरत घाबरत दूध तापवायला ठेवलं. म्हटलं, फुटतंय आता. वाट बघत उभी राहिले. नाही फुटलं. आटलं, खवा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. हे म्हणाले, अगं वेडी झालीस का? पण मला बघायचं होतं. डाव्या हाताने ढवळलं, उजव्या हाताने ढवळलं, यांना ढवळायला लावलं. नाही फुटलं. माझ्या घरी माझ्या हातून दूध कधी फुटलं नाही, जाऊबाई. फोडायचं म्हटलं तर मला त्यात लिंबू पिळावं लागलं."

मोठीने मूठ उघडली.

बी लहान होती, पण स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला दिसली. "उलथण्याला होती," मोठी म्हणाली. "आणि इथे बघा. काठाच्या दुमडीत. गर आहे अजून. काल कढई घासली त्याचा. धाकटीचा काही संबंध नाही. दूध काठापर्यंत चढलं म्हणून फुटलं. एरवी मी चढू देत नाही, म्हणून कधी कळलं नाही."

"सरबत केलं असेल कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या.

"कुणी केलं, आई?"

"असेल कुणी. तुम्हा सगळ्यांना मीच सापडते."

"जाऊ दे ना आता," थोरला म्हणाला. "झालं ते झालं, काकूही आल्यात, सणाच्या दिवशी..."

"काय जाऊ दे?" मोठी गर्रकन वळली. तिला इतक्या मोठ्याने बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही काय जाऊ देणार? तुमचं काय गेलंय? या बाईचं घर गेलं. हिचं आत्ता जाणार होतं आणि तुम्ही फडकं घेऊन कढई उचलायला आलात. माझा हात गेला. हो, गेला! वर होत नाही हा हात. केस फॅशन म्हणून कापले वाटलं तुम्हाला? वेणी घालता येत नाही मला. एका हाताचं दूध म्हणे! आणि कशामुळे? लिंबाच्या एका बीमुळे."

मग मोठी धाकटीकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "मघाशी बी माझ्या मुठीत होती. मी बोलले नाही. काकू आल्या नसत्या तर बोलले असते की नाही, मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. तिने क्षमा केली असं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. पण तिने खुर्ची ओढून मोठीच्या मागे ठेवली, आणि या वेळी मोठी बसली.

---

"गॅस लावा," काकू म्हणाल्या.

"कशाला?" धाकट्याने विचारलं. "फेकायचंच आहे ना?"

"का फेकायचं? सोनं आहे हे. वरचं पाणी त्यातच आटवायचं, मग साखर. दाणेदार वड्या पडतात. मी दर सणाला करते, मुद्दाम फोडून. त्या दिवशीही मी हेच म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण. ये इकडे, तू धर उलथणं."

"मी?"

"का, तुला हात नाहीत?"

धाकट्याने उलथणं धरलं. त्याला धड धरताही येईना, पाणी त्याच्या शर्टावर उडालं, आणि धाकटीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. तो दमल्यावर काकूंनी उलथणं थोरल्याला दिलं. मग स्वतः घेतलं. मग धाकटीला दिलं. त्या दुपारी त्या कढईवर घरातले सगळे हात फिरले, फक्त मोठीचा सोडून. ती खुर्चीत बसून कुठे खरवडायचं, कुठे आच कमी करायची ते सांगत होती, आणि सगळे ऐकत होते. आणि आणखी एक हात फिरला नाही. सासूबाई देवघराच्या चौकटीशी पाठ टेकून बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नाही.

त्यांच्या मनात काय चाललं होतं? लिंबाचं त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण त्यांच्या सासूबाईंनी "कुणाच्या हातून?" म्हणून विचारलं, तेव्हा पहिल्या क्षणाला आता आपलंच नाव येणार असं त्यांना वाटलं होतं, आणि सगळ्यांच्या नजरा जावेकडे वळल्यावर त्या सुटल्या होत्या. ते सुख त्यांना आठवत होतं. मग ते सुख टिकावं म्हणून त्या बोलल्या होत्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नियम नंतर आला. तो त्या सुखावर झाकण म्हणून आला. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातांकडे बघताना त्यांनी स्वतःच्या हातांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

वड्या पडल्या. सगळे ताटल्या घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. शेजारच्या मास्तरीणबाई येऊन बसल्या, समोरचे आजोबा आले. बाहेर बोलण्याचा आवाज वाढला.

मोरीपाशी काकू उलथणं धूत होत्या. सासूबाई आत आल्या. सवयीने त्यांनी कढई स्वतःकडे ओढली. मग त्यांचं बोट काठाच्या उघड्या दुमडीकडे गेलं आणि तिथेच थांबलं. नखाखाली अजून एक बी होती.

मग जावेकडे न बघता, अगदी हळू, नळाच्या आवाजात बुडेल असं म्हणाल्या, "माझं चुकलं गं."

काकूंनी नळ बंद केला.

"काय म्हणालात?"

"चुकलं म्हटलं माझं."

"इथे नको, जाऊबाई."

"म्हणजे?"

"मला नासक्या हाताची म्हणालात तेव्हा तुम्ही मोरीपाशी नाही म्हणालात. बाहेरच्या खोलीत म्हणालात. दीर होते, नणंदा होत्या, शेजारीण होती. त्या शेजारणीने पुढच्या गल्लीपर्यंत सांगितलं." काकूंनी धुतलेलं उलथणं ओट्यावर ठेवलं. "माझे मालक गेले ते मला निर्दोष मानणारे एकटे म्हणून गेले. आता तुम्ही माझ्या कानात चुकलं म्हणणार आणि मी हो म्हणायचं? मला नको ते कानातलं. बाहेर म्हणणार असाल तर म्हणा. नसाल म्हणणार तर ही माझी पिशवी, मी निघते. वडी मी घरीही करते."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो राग खरा होता, आणि इतक्या वर्षांत तो त्यांनी कधी बघितलाच नव्हता, कारण त्याला उभं राहायला या घरात जागाच दिली नव्हती.

त्यांनी पदराला हात पुसले. बी मात्र पुसून टाकली नाही, ती मुठीत घेतली. मग त्या बाहेरच्या खोलीकडे निघाल्या. काकू मागून येताहेत की नाही हे त्यांनी वळून पाहिलं नाही.

खोलीत सगळ्यांची तोंडं भरलेली होती. मास्तरीणबाई म्हणत होत्या, "यंदा वेगळंच काहीतरी, पण काय चव आहे हो! कुणाच्या हातचं?"

"आईच्याच देखरेखीखाली," थोरला घाईघाईने म्हणाला आणि आईला पाहून उठला. "ये, ये, बस ना. तुझी ताटली वाढलीच आहे. खाऊन घे आधी."

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. मूठ पुढे केली आणि उघडली. "मला बोलू दे."